बीप वाजली तरी जोड कच्चा असू शकतो: मॉडेल रेल्वेच्या रुळांचं वायरिंग आणि तपासणी

ऐरोलीहून विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. आठ बाय चार फुटांच्या प्लायवर तुम्ही आणि तुमची आठवीतली मुलगी मिळून एचओ मापाची (खऱ्याच्या १:८७) रेल्वे उभारताय, ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर मार्ग डोळ्यांसमोर ठेवून. एक लंबगोल मुख्य मार्ग, दोन सांध्यांनी (म्हणजे गाडी दुसऱ्या मार्गावर वळवणाऱ्या जागांनी) जोडलेली एक लूप लाइन, म्हणजे दोन्ही टोकांना मुख्य मार्गाला मिळणारा बाजूचा मार्ग, आणि तिसऱ्या सांध्यावरून निघणारी छोटी सायडिंग, म्हणजे एका टोकाला बंद मार्ग. सांधे इलेक्ट्रोफ्रॉग प्रकारचे, कंट्रोलर डीसीसी, म्हणजे रुळांतूनच इंजिनांना डिजिटल आदेश देणारा. सुरुवातीला वीज एकाच ठिकाणाहून दिली होती, तेव्हा पलीकडच्या बाजूला गाडी मंदावायची. म्हणून लूप लाइनला वायरींची दुसरी जोडी लावली. तेव्हापासून सांधे मुख्य मार्गाकडे फिरवले की कंट्रोलर ट्रिप होतो. पावसाळ्यात इंजिन जागोजागी अडखळायला लागलं ते वेगळंच. मल्टिमीटरने सगळे रूळ तपासले तर सगळीकडे बीप वाजते. सगळं उखडून पहिल्यापासून करावं का, आणि वायरिंग नीट तपासायचं कसं, हे तुमचे दोन प्रश्न.

उखडू नका. तुम्ही दिलेल्या वर्णनावरून इथे तीन वेगवेगळे दोष आहेत आणि तिन्ही जागेवर दुरुस्त होतात. पण ते एकमेकांत मिसळून पाहिलेत तर डोकं फिरेल, म्हणून क्रमाने घेऊ: आधी ट्रिप होणं, मग मंदावणं, शेवटी अडखळणं.

ट्रिप का होतं? सांध्यात जिथे दोन आतले रूळ व्ही आकारात एकत्र येतात तो फ्रॉग. इन्सुलफ्रॉगमध्ये तिथे प्लॅस्टिक असतं, इलेक्ट्रोफ्रॉगमध्ये तो अखंड धातूचा असतो आणि त्याच्यातून वीज वाहते. आता या व्हीचा एक पाय मुख्य मार्गाचा आतला रूळ होतो आणि दुसरा पाय लूप लाइनचा आतला रूळ. दोन्ही पाय एकाच धातूचे, म्हणून दोघांवर नेहमी सारखीच वीज. मुख्य मार्गाच्या त्या रुळाला हवी लाल वायरची बाजू, लूपच्या त्या रुळाला हवी काळ्याची. सांधा मुख्य मार्गाकडे असला की फ्रॉग लाल होतो, लूपकडे फिरवला की काळा. तुमची वीज सांध्यांच्या जिभेकडच्या (जीभ म्हणजे सांध्यातला सरकणारा रूळ) बाजूने येत होती आणि लूपला स्वतःची वायर नव्हती, तोवर यात अडचण नव्हती. सांधा मुख्य मार्गाकडे असताना लूपचे दोन्ही रूळ एकाच बाजूचे व्हायचे आणि लूप फक्त निर्जीव पडायचा. लूपला स्वतंत्र वायर दिल्याबरोबर त्याचा आतला रूळ कायमचा काळा झाला. आता सांधा मुख्य मार्गाकडे फिरवला की लाल फ्रॉग थेट काळ्या रुळाला भिडतो. कंट्रोलर ट्रिप होतो ते बरोबरच करतोय. माझा अंदाज आहे की पूर्वीसुद्धा एक सांधा मुख्य मार्गाकडे आणि दुसरा लूपकडे राहिला तर असंच ट्रिप होत असणार. मुलीला विचारा, तिच्या नक्की लक्षात असेल.

उपाय एकच: फ्रॉगमधून बाहेर पडणाऱ्या दोन्ही रुळांत, सांध्याच्या लगेच पुढे, विजेचा खंड, म्हणजे वीज तोडणारी फट. लूपच्या दोन्ही टोकांचे सांधे धरले तर एकूण चार खंड. नवीन बांधताना तिथे प्लॅस्टिकचे इन्सुलेटेड, म्हणजे वीज न नेणारे, जॉइनर (दोन रूळ जोडणारे तुकडे) घालतात. रूळ आधीच बसवलेला असेल तर बारीक करवतीने किंवा रोटरी टूलच्या पातळ कटिंग डिस्कने सांध्यापुढचा रूळ आडवा कापा. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण या डिस्क तुटून उडतात. कापलेली फट एक मिलिमीटरच्या आसपास पुरे. पण ती तशीच मोकळी सोडू नका. उन्हाळ्यात रूळ सरकतात आणि फट हळूच मिटते, मग मे महिन्यात पुन्हा ट्रिप. फटीत पातळ प्लॅस्टिकचा तुकडा इन्स्टंट ग्लूने चिकटवा आणि वाळल्यावर रुळाच्या आकारात कानशीने घासून घ्या. कापताना पडलेली धातूची भुकटी व्हॅक्यूमने ओढून घ्या, ती सांध्याच्या जिभेत अडकली तर नवाच शॉर्ट तयार होतो. सायडिंगच्या सांध्याचं म्हणाल तर सायडिंग एका टोकाला बंद आहे आणि तिला वायर नाही, म्हणून सायडिंगच्या बाजूला खंड लागत नाही. पण त्याच सांध्याच्या दुसऱ्या पायाला, म्हणजे मुख्य मार्गाच्या आतल्या रुळाला, पलीकडून वीज येत असेल तर तिथे मात्र खंड हवा.

खंड पाडल्यावर फ्रॉगला वीज मिळते ती फक्त सांध्याची जीभ बाजूच्या रुळाला टेकते तिथून. नवीन सांध्यात हे चालतं. वर्षभरात तिथे धूळ बसते, रंगाचा एखादा थेंब पडतो, आणि फ्रॉगवर इंजिन मरतं. म्हणून फ्रॉगला स्वतंत्र वायर काढून ती सांध्याबरोबर बदलणाऱ्या स्विचला जोडा. हाताने सांधा फिरवत असाल तर स्लायडिंग स्विच किंवा मायक्रोस्विच पुरेसा आहे: मधल्या टोकाला फ्रॉग, एका टोकाला लाल, दुसऱ्याला काळी. बऱ्याच संथगती सांधा-मोटरींमध्ये हे संपर्क आतच दिलेले असतात. जोडल्यावर पहिल्याच फेरीत ट्रिप झालं तर लाल-काळी उलटी लागली आहे, अदलाबदल करा. इतक्या खर्चात सांध्यांवरची निम्मी दुखणी कायमची जातात, त्यामुळे हे टाळू नका.

आता मंदावणं. रुळांचा धातू निकेल सिल्व्हर असतो. त्यात चांदी अजिबात नसते, तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. गंजायला चिवट, पण विजेचा वाहक म्हणून तांब्याच्या तुलनेत फारच कमी प्रतीचा: त्याचा रोध तांब्याच्या पंधरापटीहून जास्त. तुमचा लंबगोल साधारण सहा मीटरचा असेल, म्हणजे समोरच्या बाजूपर्यंत वीज तीन मीटर रुळातून आणि वाटेतल्या प्रत्येक जॉइनरमधून जाते. जॉइनर ही खरी कमकुवत जागा. ती नुसती दाबून बसवलेली पत्र्याची खोबण आहे. नवीन असताना घट्ट असते, मग सैल होते, आत ओल आणि धूळ शिरते.

खऱ्या रेल्वेतही हाच अनुभव आहे. ट्रॅक सर्किट (रुळांतल्या विजेवरून गाडी आहे का हे ओळखणारी यंत्रणा) असलेल्या मार्गावर जिथे रूळ फिशप्लेटने, म्हणजे बोल्टच्या जोडपट्टीने, जोडलेले असतात तिथे जोडाच्या दोन्ही बाजूंना पकडणारी स्वतंत्र तार लावलेली असते, कारण फिशप्लेटमधून वीज खात्रीने जाईल यावर रेल्वे विसंबत नाही. आणि जिथे एक सर्किट संपून दुसरं सुरू व्हायला हवं तिथे मुद्दाम इन्सुलेटेड जोड असतो. तुमच्या प्लायवर हेच दोन नियम लागू होतात: जिथे वीज जायला हवी तिथे तार द्या, जिथे जायला नको तिथे खंड द्या, आणि जॉइनरला फक्त रूळ सरळ धरण्याचं काम द्या.

म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं? प्लायच्या खालून मार्गाच्या रेषेने दोन जाड वायरी फिरवा, लाल आणि काळी. ही मुख्य लाइन, बस म्हणतात तिला. तुमच्या आकाराला इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी दीडची (दीड स्क्वेअर एमएमची) वायर पुरते. तीन मीटर जाऊन-येऊन तिचा रोध सात शतांश ओमच्या आसपास येतो आणि तीन अँपिअर प्रवाहाला पाव व्होल्टही पडत नाही. पुढे लेआउट वाढवायचा विचार असेल तर आताच अडीचची घाला, खालून पुन्हा वायर ओढणं हे मानदुखीचं काम आहे. या बसपासून प्रत्येक रुळाच्या तुकड्याला बारीक वायरीची जोडी वर काढा. हे फीडर. अर्ध्या स्क्वेअर एमएमची वायर, लांबी वीतभर. फ्लेक्स ट्रॅकचा (हाताने वळवता येणाऱ्या रुळाचा) एक तुकडा साधारण ९१४ मिलिमीटरचा असतो, म्हणजे मीटरभरात एक जोडी झाली. काही जण एक सोडून एक तुकड्याला देतात. कोरड्या हवेच्या गावात ते चालत असेल, खाडीकाठच्या ऐरोलीत, बिनवायरची सायडिंग सोडून, प्रत्येक तुकड्याला स्वतःची जोडी द्या. लूपच्या आतल्या रुळांना, जे आता दोन खंडांच्या मध्ये एकटे पडले आहेत, फीडर विसरलात तर तिथे गाडी अजिबात हलणार नाही.

बस आणि फीडर जोडताना पीळ घालून वर इन्सुलेशन टेप गुंडाळायची सवय सोडा. आपल्याकडच्या उकाड्यात त्या टेपचा डिंक सुटतो, टेप सरकते, आणि उघड्या तारा लोंबतात. टर्मिनल ब्लॉकची पट्टी किंवा लिव्हरवाले कनेक्टर वापरा, किंवा सोल्डर करून वर हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. टर्मिनल ब्लॉकचा आणखी एक फायदा पुढे तपासणीत येईल: फीडर सुटा करता येतो.

सोल्डरिंगबद्दल एवढंच सांगतो की भीती कमी आणि उष्णता जास्त ठेवा. बारीक टोकाचा २५ वॅटचा आयर्न रुळाला हळूहळू तापवत बसतो आणि तेवढ्या वेळात प्लॅस्टिकचे स्लीपर वितळतात. ६० वॅटचा, रुंद चपट्या टोकाचा घ्या. रुळाची बाहेरची बाजू बारीक पॉलिश पेपरने चमकवा, राळेचा फ्लक्स लावा, आधी रुळावर आणि वायरीवर वेगवेगळा पातळ थर चढवा, मग दोन्ही टेकवून दोन-तीन सेकंदांत उचला. दोन्ही बाजूंच्या स्लीपरवर ओल्या कापसाचे बोळे ठेवले की ते वाचतात. प्लंबर किंवा पत्र्याचं काम करणारे वापरतात तो ॲसिडचा फ्लक्स रुळाजवळ आणू नका, तो आतून वायर खात राहतो. गार झाल्यावर वायर ओढून पाहा. हलक्या हाताने नाही, नीट ओढा. सुटायची असेल तर आत्ता सुटू दे. आयर्न मुलीच्या हातात द्यायला हरकत नाही, पण खिडकी उघडी हवी आणि नंतर साबणाने हात धुवायचे, कारण साध्या सोल्डरमध्ये शिसं असतं.

सगळे जॉइनर मात्र सोल्डर करून टाकू नका. वळणावर दोन तुकडे मिळतात तिथे करा, म्हणजे कोपरा निघत नाही. सरळ भागात मोकळे ठेवा आणि कागदाच्या जाडीची फट राहू द्या. दोन्ही बाजूंना फीडर असल्यावर त्या जॉइनरमधून वीज गेली काय, न गेली काय, सारखंच.

आता तुमच्या बीपकडे येतो, कारण माझ्या मते सगळ्यात मोठा गैरसमज तिथे आहे. मल्टिमीटर कंटिन्युइटीच्या, म्हणजे वाट जोडलेली आहे का ते बीपने सांगणाऱ्या, खुणेवर असताना त्यातून अगदी नाममात्र प्रवाह जातो. साधे मीटर ३० ते ५० ओमपर्यंत रोध असला तरी बीप देतात. म्हणजे एखाद्या गंजक्या जॉइनरमध्ये एक ओमचा रोध असेल तरी बीप वाजणार, खणखणीत वाजणार. त्याच जोडातून दीड अँपिअर जायला लागला की दीड व्होल्ट तिथेच संपतात. ओमची रेंज लावूनही हे कळत नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या दोन वायरींचाच रोध तेवढा असू शकतो. इमारतीत पाण्याचा पाइप चोंदलेला असला तरी नळ बंद असेपर्यंत दाब पुरा दिसतो, नळ सोडल्यावर धार बारीक होते. रुळांचंही तसंच आहे. प्रवाह वाहता ठेवून मोजलं नाही तर मोजल्यात जमा नाही.

प्रवाह वाहता ठेवायला एक बल्ब लागतो. गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात चारचाकीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट घ्या आणि त्याच्या दोन वायरींना क्रोकोडाइल क्लिप लावा. हा बल्ब पावणेदोन अँपिअर घेतो, म्हणजे तीन-चार इंजिनं एकदम धावताहेत इतका भार. तो चांगलाच तापतो, म्हणून प्लायवर किंवा प्लॅस्टिकवर टेकवू नका, सिरॅमिकच्या टाइलवर ठेवा. सोबत १२ व्होल्ट डीसीचा तीन-पाच अँपिअरचा अडॅप्टर घ्या. तपासणी आधी यावर करायची, डीसीसीवर नाही. डीसीसीचा बूस्टर, म्हणजे कंट्रोलरचा रुळांना वीज देणारा भाग, वायरींपासून पूर्ण सोडवून ठेवा. डीसीसी आणि डीसी एकाच रुळावर एकदम आले तर बूस्टर जळू शकतो. रुळांवरची सगळी इंजिनंही उचला, दिवे लावलेले डबेसुद्धा. ते राहिले तर त्यांच्यातून प्रवाह जातो आणि मीटर भलतंच सांगतो.

पहिली पायरी: बल्ब अडॅप्टर आणि बस यांच्या मध्ये एका वायरीत, म्हणजे सिरीजमध्ये लावा आणि वीज सुरू करा. कुठेही शॉर्ट नसेल तर बल्ब बंद राहील. सांधे एकेक करून दोन्हीकडे फिरवा. ज्या क्षणी बल्ब पूर्ण पेटेल तो सांधा दोषी. इथे काहीही जळत नाही, ट्रिप होत नाही, शांतपणे शोधता येतं. आज, खंड पाडायच्या आधी, हा प्रयोग मुलीला करून दाखवा. मग एक खंड पाडून पुन्हा करा. फ्रॉग हा प्रकार पुस्तकापेक्षा तिला या बल्बवरून पटकन समजेल.

दुसरी पायरी: बल्ब सिरीजमधून काढा आणि त्या जागी दोन-तीन अँपिअरचा फ्यूज ठेवा. आता बल्बच्या क्लिपा मार्गावर जिथे तपासायचं तिथल्या दोन रुळांना लावा. बल्ब पेटलेला असताना बल्बपाशी व्होल्ट मोजा आणि अडॅप्टरपाशी मोजा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे वाटेत हरवलेले व्होल्ट. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर उत्तम, एक व्होल्ट गेला तर शोध घ्यायला हवा. तुमच्या सध्याच्या स्थितीत समोरच्या बाजूला दोन किंवा त्याहून जास्त व्होल्ट पडलेले दिसले तरी मला आश्चर्य वाटणार नाही. हे आकडे वहीत लिहून ठेवा, रुळाच्या प्रत्येक तुकड्याला नंबर देऊन.

तिसरी पायरी दोषाची नेमकी जागा दाखवते. बल्ब तिथेच पेटता ठेवा. मीटर मिलिव्होल्टवर आणा. आता दोन्ही टोकं एकाच रुळावर, एका जॉइनरच्या दोन बाजूंना टेकवा. चांगल्या जोडावर १०-२० मिलिव्होल्ट दिसतील. कच्च्या जोडावर एकदम २००, ५००, कधी त्याहून जास्त. ज्या जोडावर बीप अगदी खणखणीत वाजत होती तोच इथे पकडला जातो. फीडर तपासायचा असेल तर बल्ब त्याच तुकड्यावर लावा, मीटरचं एक टोक खालच्या बसवर आणि दुसरं वरच्या रुळावर. इथेही काही दहा-वीस-तीस मिलिव्होल्टच हवेत. हे विशेष लक्ष देऊन करा, कारण सुटलेला फीडर सहसा लपून राहतो: शेजारच्या तुकड्याचा फीडर जॉइनरमधून त्याला वीज पुरवत राहतो आणि गाडी धावत राहते. मग वर्षभराने तो जॉइनर सैल झाला की रूळ मेला, आणि बिघाड आजचा वाटतो. मिलिव्होल्ट जास्त दिसले तर टर्मिनल ब्लॉकवर तो फीडर सोडवा. सोडवल्यावरही आकडा बदलला नाही, तर तो फीडर वीज देतच नव्हता.

नवीन फीडर लावताना आणखी एक सोय करा. नऊ व्होल्टची बॅटरी आणि एक छोटा पिझो बझर सिरीजमध्ये जोडून बसच्या लाल-काळ्या टोकांमध्ये लावून ठेवा, अडॅप्टर आणि बूस्टर दोन्ही सोडवून. प्लायखाली झोपून काम करताना लाल वायर चुकून काळ्या रुळाला लागली की बझर त्याच क्षणी ओरडतो. वीस फीडर लावून झाल्यावर त्यातला उलटा कोणता हे शोधणं ही संध्याकाळभराची शिक्षा आहे, ती वाचते. बझर, स्विच, कनेक्टर हे सगळं ग्रँट रोडजवळ लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळतं.

डीसीवर सगळं स्वच्छ निघालं की अडॅप्टर काढा आणि मगच डीसीसी जोडा. डीसीसीच्या रुळावर वीज सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलते, साधा मीटर ५० हर्ट्झसाठी बनवलेला असतो, म्हणून एसी रेंजवर येणारा आकडा खरा मानू नका. दोन जागांची तुलना करायला तो चालतो. इथे खरी परीक्षा शॉर्टची. पाच रुपयांचं नाणं घ्या आणि दर मीटरला दोन रुळांवर आडवं टेकवा. प्रत्येक ठिकाणी बूस्टर ताबडतोब ट्रिप व्हायला हवा. एखाद्या जागी नाणं टेकूनही तो ट्रिप झाला नाही, तर ती जागा धोक्याची आहे. समजा वाटेत तीन ओमचा रोध आहे आणि रुळावर १४ व्होल्ट. नाण्यातून साडेचार अँपिअरच जाणार, पाच अँपिअरच्या बूस्टरला ते शॉर्ट वाटतच नाही. तो ६० वॅटच्या वर वीज आत ढकलत राहतो आणि ती सगळी उष्णता कच्च्या जोडात निघते. उद्या तिथे इंजिन घसरलं तर चाकं, डीकोडर (इंजिनातलं आदेश वाचणारं सर्किट), स्लीपर, काहीही वितळू शकतं. तुमची मुलगी एकटी गाडी चालवणार असेल तर ही परीक्षा सगळ्यात आधी.

सांध्यावर कधीतरीच, विशिष्ट डब्यालाच ट्रिप होत असेल तर वायरिंगला दोष देण्याआधी त्या डब्याची चाकं पाहा. इलेक्ट्रोफ्रॉगमध्ये उघडी जीभ शेजारच्या रुळाच्या विरुद्ध बाजूची असते. चाकांमधलं अंतर कमी असेल तर चाकाची पाठ जिभेला घासते आणि क्षणभर शॉर्ट होतो. चाकांमधलं अंतर मोजायचं गेज लावून चाकं जागेवर सरकवा.

पावसाळ्यातलं अडखळणं यातल्या निम्म्याहून जास्त कामाने आपोआप कमी होईल. उरलेल्यापैकी मोठा भाग प्लायचा. लाकूड ओल पितं आणि फुगतं, कडांमधून सर्वांत जास्त. प्लायच्या खालच्या बाजूला आणि चारही कडांना रंगाचे किंवा पॉलिशचे दोन हात दिले नसतील तर दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर द्या. सप्टेंबरात दिलेत तर ओल आत कोंडाल. रुळांच्या माथ्यावर काळा थर येतो तो आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडाने पुसा, चाकंही पुसा, आणि पूर्ण वाळेपर्यंत वीज सुरू करू नका, ते पेट घेतं. खरबरीत पॉलिश पेपरने माथा घासू नका. ओरखड्यांत मळ आणखी धरतो. अडखळण्याची जागा शोधायला खोलीतला दिवा बंद करा, इंजिनाचा हेडलाइट लावा आणि सगळ्यात कमी वेगाने एक फेरी मारा. दिवा लुकलुकतो तिथे पेन्सिलीने खूण करत जा.

दोन छोट्या गोष्टी. २३० व्होल्टची एकही वायर प्लायखाली नको. अडॅप्टर भिंतीपाशी, प्लायखाली फक्त कमी व्होल्ट, कारण घराच्या वायरिंगची आणि तुमच्या बसची वायर दिसायला हुबेहूब सारखी आहे. आणि पुढे कधी गाडी उलट दिशेने परत आणणारं वळण किंवा त्रिकोण काढावासा वाटला तर तो भाग दोन्ही टोकांना, दोन्ही रुळांत तोडून ऑटो-रिव्हर्सरवर द्यावा लागेल, आणि तो तुकडा तुमच्या सगळ्यात लांब गाडीपेक्षा लांब हवा. सध्याच्या लंबगोलात त्याची गरज नाही.

जाता जाता मापाबद्दल, कारण मुलीने विचारलंय की खरे रूळ जास्त रुंद का दिसतात. तिचा डोळा बरोबर आहे. एचओचे १६.५ मिलिमीटर हे १४३५ मिलिमीटरच्या गेजचं (दोन रुळांमधल्या अंतराचं) १:८७ रूप. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, त्या प्रमाणात तो सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हायला हवा. पण बाजारात रूळ आणि चाकं १६.५ ची मिळतात, म्हणून आपल्याकडच्या लोकल त्यावरच धावतात.

तुम्ही शेवटी विचारलंय की जुने फीडर काढून टाकायचे का. लूपवरची जोडी राहू द्या, खंड पाडल्यावर ती योग्यच ठरते. मुख्य मार्गावरची पहिली जोडीही ठेवा, फक्त तिची लाल-काळी नव्या बसशी जुळते का ते सिरीजमधल्या बल्बवर बघून मग ब्लॉकमध्ये कसा.